फ्लॉवरचे तळलेले तुरे तेल का पितात? एका स्वयंपाकघराचं प्रकरण

रोज मोठ्या संख्येनं जेवणं वाढणारं एक स्वयंपाकघर. तिथे फ्लॉवरचे तुरे सरसरीत पिठात बुडवून तळले जातात. खाणाऱ्यांचं म्हणणं असं, की पहिला घास कुरकुरीत लागतो, पण बोटं तेलानं माखतात आणि पाच-दहा मिनिटांत ताटलीत तेल उतरतं. व्यवस्थापकांची तक्रार निराळी: तेलाचे डबे हिशोबापेक्षा लवकर संपतात. दोघांना हवं ते एकच. तेल कमी व्हावं, पण कुरकुरीतपणा जाऊ नये. त्यावर एक तयार उपायही सुचवला गेला होता. पिठात मिसळायची एक पावडर मिळते, तिनं पदार्थ तेल कमी ओढतो; ती किती घालायची एवढंच सांगा.

या प्रश्नाचं उत्तर पावडरीपासून सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे. हे स्वयंपाकघर कुठलं एक ठरावीक नव्हे. अशा ठिकाणी ज्या सवयी वारंवार दिसतात त्या एकत्र करून ते उभं केलं आहे, आणि वजनांचे आकडे हिशोब नीट दिसावा म्हणून सोयीचे घेतले आहेत. पाणी, वाफ आणि तेल यांचे गुणधर्म मात्र जसेच्या तसे आहेत.

एक घाणा, जवळून

तुरे धुऊन चाळणीत ठेवले जातात. वरवरचं पाणी निथळतं, बाकीचं फुलोऱ्यात अडकून राहतं. पीठ म्हणजे मैदा, थोडं कॉर्नफ्लोअर, मीठ, खायचा सोडा आणि पाणी. ते दाट ठेवलं जातं, कारण पातळ पीठ ओल्या तुऱ्यावरून घसरतं. दाट पिठाचं कवच जड आणि कच्चट लागतं, म्हणून सोडा सढळ हातानं पडतो. फ्रायरमध्ये ८ किलो तेल, खाली ६ किलोवॉटचा हीटर, थर्मोस्टॅटचा काटा १८० अंशांवर. जाळीची टोपली काठोकाठ भरून तेलात जाते. चार मिनिटांनी वर येते, कडेवर एकदा आपटली जाते आणि टिपकागद घातलेल्या खोल परातीत उपडी होते. पुढचा घाणा लगेच तेलात. परातीत तुकड्यांवर तुकडे चढत जातात आणि वर पंखा चालू असतो, कारण गरम तुकडे झाकले की मऊ पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी तळून ठेवलेला माल संध्याकाळी पुन्हा एकदा तेलातून काढला जातो.

यातल्या कुठल्याही गोष्टीला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. ओले तुरे, म्हणून दाट पीठ. दाट पीठ, म्हणून जास्त सोडा. जास्त सोडा, म्हणून जाळीदार कवच. आणि ते जाळीदार कवच तेल धरून ठेवतं. प्रत्येक सवय आधीच्या अडचणीवरचा उपाय आहे. म्हणूनच मधली एखादीच कडी बदलून फारसा फरक पडत नाही.

आधी वजनकाटा

तेल कमी झालं की नाही, हे डोळ्यांनी किंवा टिपकागदावरच्या डागावरून ठरवू नये. कागदावर जास्त तेल दिसलं म्हणजे पदार्थात जास्त आहे असं नाही. उलट ते तेल पदार्थातून बाहेर आलेलं आहे.

हिशोब असा मांडायचा. १००० ग्रॅम स्वच्छ केलेले तुरे पिठात बुडवल्यावर १४५० ग्रॅम भरले. म्हणजे ४५० ग्रॅम पीठ चिकटलं, एकूण वजनाच्या ३१ टक्के. तळून, निथळून वजन आलं ११८० ग्रॅम. प्रयोगशाळेत नमुना वाळवून, त्यातली चरबी द्रावकानं काढून मोजली तर समजा १४ टक्के तेल निघालं. म्हणजे ११८० ग्रॅममध्ये १६५ ग्रॅम. वजन घटलं २७० ग्रॅम, पण आत १६५ ग्रॅम तेल आलेलं आहे, तेव्हा बाहेर गेलेलं पाणी २७० आणि १६५ मिळून ४३५ ग्रॅम. पिठाचे थोडे कण तेलात सुटतात, ते इथे सोडून दिले आहेत.

आता आत आलेल्या तेलाला बाहेर गेलेल्या पाण्यानं भागायचं: १६५ भागिले ४३५, म्हणजे ०.३८. हे गुणोत्तर १९९३ मध्ये पिंथस, वाइनबर्ग आणि सागी या संशोधकांनी तळणाचा निकष म्हणून मांडलं. मला ते फार उपयोगी वाटतं, कारण एक फसवणूक त्यातून लगेच उघडी पडते. समजा, तोच घाणा थोडा लवकर बाहेर काढला. वजन १२९० ग्रॅम भरलं आणि तेल १२.४ टक्के निघालं. टक्केवारी १४ वरून १२.४ वर आली, म्हणून सगळे खूश. प्रत्यक्षात १२९० च्या १२.४ टक्के म्हणजे १६० ग्रॅम. तेल जवळपास तेवढंच आहे, फक्त पाणी जास्त राहिल्यामुळे टक्का खाली दिसतो आहे. बाहेर गेलेलं पाणी ३२० ग्रॅम, म्हणजे गुणोत्तर ०.५०, पहिल्यापेक्षा वाईट. आणि तो तुरा दहा मिनिटांत मऊ पडणार.

म्हणून या प्रकरणात एकच आकडा धरला: एक किलो कच्च्या तुऱ्यांमागे किती ग्रॅम तेल. सुरुवातीचा आकडा १६५. पुढच्या प्रत्येक बदलाचा निकाल याच मापानं द्यायचा. ज्यांच्याकडे प्रयोगशाळेची सोय नाही, त्यांनी निदान आठवड्याभरात भरलेलं तेल वजा शेवटी उरलेलं आणि टाकून दिलेलं तेल, भागिले तळलेले कच्चे तुरे, एवढं तरी लिहून ठेवावं. आकडा ढोबळ असेल, पण टक्केवारीसारखा फसवा नसेल.

तेल आत शिरतं कधी

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. तुरा तेलात बुडतो तेव्हा त्याच्यातलं पाणी उकळून वाफ जोरात बाहेर पडत असते. ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ. जोवर वाफ बाहेर ढकलते आहे, तोवर तेलाला आत जायला वाव कमी असतो. खरं शोषण होतं तुरा बाहेर काढल्यावर.

कवचातली भोकं तेव्हा वाफेनं भरलेली असतात. १०० अंशांना वाफेचा दाब वातावरणाएवढा, म्हणजे १०१ किलोपास्कल असतो. ८० अंशांना तो ४७ वर येतो आणि ६० अंशांना अवघ्या २० वर. बाहेरची हवा मात्र १०१ नंच दाबत असते. कवच थंड होताना भोकातली वाफ पाण्यात बदलते, पोकळी निर्माण होते आणि पृष्ठभागावर जे काही असेल ते आत ढकललं जातं. पृष्ठभागावर हवा असेल तर हवा जाते. तेलाचा थर असेल तर तेल जातं.

१९९६ मध्ये उफाइल आणि एशर यांनी तेलात रंग मिसळून बटाट्याच्या कापांवर हे दाखवलं. १९९७ मध्ये मोरेरा आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या चिप्सवर मोजमाप केलं. तळण संपतं त्या क्षणी अंतिम तेलापैकी सुमारे २० टक्केच आत गेलेलं होतं, बाकीचं पृष्ठभागावर होतं. थंड होताना त्यातलं बरंचसं आत गेलं. चिप्स पातळ आणि पिठात घोळलेला तुरा जाड, तेव्हा तोच टक्का इथे लावता येणार नाही. पण क्रम तोच आहे.

पृष्ठभागावर किती तेल असू शकतं, याचा अंदाज घेऊ. २५ ग्रॅमचा एक तुरा धरला तर किलोमध्ये ४० तुरे. पीठ लावल्यावर एकाचा पृष्ठभाग खाचाखोचा धरून साधारण ६० चौरस सेंटिमीटर. एकूण २४०० चौरस सेंटिमीटर. त्यावर फक्त ०.३ मिलिमीटर जाडीचा थर राहिला, तरी ते ७२ घन सेंटिमीटर झालं, म्हणजे साठेक ग्रॅम तेल. १६५ पैकी साठ! आणि हे तेल अजून आत गेलेलंच नाही, फक्त अंगावर आहे. ते गळून पडेल की आत ओढलं जाईल, हे बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात ठरतं.

तेलाचा दाटपणाही याच मिनिटात बदलतो. खोलीच्या तापमानाला तेल जेवढं घट्ट असतं, त्यापेक्षा १८० अंशांना ते वीसपटीहून अधिक पातळ असतं. गरम तेल निथळतं, गार तेल चिकटून बसतं. म्हणजे तुरे गरम असतानाच झटकायचे, आणि निथळेपर्यंत त्यांना गार होऊ द्यायचं नाही.

आता परातीकडे पुन्हा पाहा. तिथे नेमकं उलट चाललं होतं. टोपली एकदाच आपटायची, तुरे लगेच ढीग करून टाकायचे, वर पंखा. पंख्यानं वरचे तुरे झपाट्यानं थंड होतात आणि अंगावरचं तेल आत ओढतात. ढिगातले खालचे तुरे वरच्यांच्या वाफेत आणि त्यांच्याच तेलात बसतात. टिपकागद पहिल्या काही सेकंदांत वरचं तेल थोडं टिपतो. एकदा भिजला की तो फक्त तेलाची गादी होतो.

बदल असा केला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तेल १७५ ते १८० वर आहे याची खात्री करायची. त्यासाठी टोपली हलकी भरलेली असावी लागते, त्याकडे पुढे येतोच. टोपली उचलल्यावर तेलाच्या वरच दोन-तीन वेळा जोरात झटकायची, आणि तशीच तिरकी धरून वीस-तीस सेकंद गरम हवेत ठेवायची. मग पसरट जाळीवर, खाली ताट ठेवून, तुरे एका थरात मोकळे पसरायचे. पंखा बंद. जाळी शंभर अंशांच्या आसपास गरम ठेवलेल्या ओव्हनमध्ये सरकवता आली तर उत्तम. तुरे गरम राहतात, वाफ मोकळी निघून जाते आणि तेल खाली गळतं. मऊ पडण्याची जी भीती पंख्यामागे होती, तिचं उत्तर पसरण्यात आहे, गार करण्यात नाही.

संध्याकाळचं दुसरं तळणही याच कारणानं थांबवलं. दोनदा तेलातून काढणं म्हणजे दोनदा अंगावर थर घेणं आणि दोनदा थंड होताना तो ओढणं. दुपारी अर्धवट तळलेला माल संध्याकाळी गरम ओव्हनमध्ये पूर्ण केला, तर दुसरी खेप टळते. कवच तेवढंच खुसखुशीत होतं असं मी म्हणणार नाही. थोडं कोरडं लागतं. पण जिथे माल आधी करून ठेवण्याला पर्याय नाही, तिथे मी हाच मार्ग धरीन.

टोपली काठोकाठ का भरू नये

थर्मोस्टॅटचा काटा १८० वर असला, तरी तेल १८० वर असतं असं नाही. उष्णतेचा जमाखर्च मांडून पाहू.

१.४५ किलो पीठ लावलेले तुरे १० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४७० किलोज्यूल लागतात. ४३५ ग्रॅम पाण्याची वाफ करायला, किलोमागे २२५७ किलोज्यूल या दरानं, आणखी ९८०. एकूण साडेचौदाशे. ८ किलो तेल एक अंशानं उतरताना सुमारे १७.६ किलोज्यूल देतं. हीटर बंद असता, तर तेल ८२ अंशांनी उतरलं असतं. हीटर चालू आहे, ६ किलोवॉटचा, तो चार मिनिटांत १४४० किलोज्यूल देतो. कागदावर जमाखर्च कसाबसा जुळतो. पण बाहेर वाया जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही, आणि खर्च चार मिनिटांवर सारखा पसरलेला नसतो. पहिल्या मिनिटात मागणी सगळ्यात जास्त असते. म्हणून तेल झटकन खाली येतं, घाणा संपेपर्यंत सावरत नाही, आणि पुढचा घाणा अर्धवट तापलेल्या तेलात पडतो. गर्दीच्या वेळी तिसरा-चौथा घाणा सगळ्यात तेलकट निघतो, ही आचाऱ्यांची तक्रार इथे सरळ समजते.

तेल मंद असलं की कवच धरायला उशीर लागतो, वाफेचा जोर कमी पडतो, रंग येईना म्हणून तुरे जास्त वेळ आत राहतात, आणि बाहेर येतात तेव्हा तेलही तुलनेनं दाट असतं. तापमान वाढवत नेलं की तेल कमी होतच जाईल, असं मात्र नाही. फार कडक तेलात कवच भराभर वाळून जास्त सच्छिद्र होतं, आत तुरा कच्चा राहतो आणि तेलही लवकर खराब होतं. १७० ते १८० हा पट्टा सांभाळणं एवढंच उद्दिष्ट.

उपाय साधा: टोपली निम्मी. खर्च निम्मा झाला की हीटरला सावरायला जागा मिळते. आचाऱ्यांचा आक्षेप रास्त होता, की घाणा निम्मा म्हणजे वेळ दुप्पट. तसं होत नाही, कारण तेल तापलेलं असल्यामुळे घाणा लवकर होतो आणि मधे थांबावं लागत नाही. पण वेळ थोडा वाढतो हे खरं. गर्दीच्या तासाला दुसरा फ्रायर लावणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. तापमान पाहायला काट्यावर विसंबू नये. तळणाचा थर्मामीटर तेलाच्या मध्यावर, हीटरपासून दूर धरावा, आणि घाणा टाकल्यावर एका मिनिटानं दिसलेला आकडा लिहावा. तो १६० च्या खाली जात असेल, तर टोपली अजून जड आहे.

पीठ

पिठाचं काम तुरे कोरडे करण्यापासून सुरू होतं. धुतलेले तुरे कापडावर पसरून पूर्ण सुकवले आणि त्यांवर तांदळाच्या पिठीचा हलका हात फिरवला, की पातळ पीठही धरून राहतं. मग दाट पिठाची गरजच उरत नाही. बुडाला छोटं भोक असलेला एक पेला ठेवायचा, तो पिठानं भरून किती सेकंदांत रिकामा होतो ते पाहायचं, आणि ज्या दाटपणाला कवच सलग पण पातळ बसतं तो वेळ भिंतीवर लिहून ठेवायचा. आचारी बदलला तरी पीठ बदलत नाही.

चिकटलेलं पीठ ४५० ग्रॅमवरून ३३० वर आणलं, तर १२० ग्रॅम पीठ कमी, आणि त्यातलं साधारण ६५ ग्रॅम पाणीही कमी. तेवढं पाणी उकळून जाणार नाही, म्हणजे तेवढी भोकं कवचात पडणार नाहीत, आणि हीटरवरचा सुमारे दीडशे किलोज्यूलचा भारही उतरेल. पण पीठ फार पातळ झालं, तर कवचाला खिंडारं पडतात आणि तुऱ्याचं पाणी थेट तेलात उडतं. मला सलग कवच पातळ कवचाहून जास्त महत्त्वाचं वाटतं.

सोडा निम्म्याहून कमी केला. त्यातून निघणारा वायू कवचात जाळी करतो, आणि प्रत्येक भोक थंड होताना तेल ओढणारी जागा होते. शिवाय अल्कधर्मी सोडा तेलात उतरला की साबणासारखे पदार्थ तयार व्हायला मदत होते, आणि ते तेल खराब करतात. फुगीरपणा थोडा गेला. तो भरून काढायला मैद्याचा तिसरा भाग काढून तांदळाची पिठी घातली. तांदळाच्या पिठीचं कवच मैद्याइतकं तेल ओढत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, आणि कुरकुरीतपणाही जास्त वेळ टिकतो. नुसती तांदळाची पिठी मात्र तुऱ्याला नीट धरत नाही. ती पाण्यात खाली बसते, म्हणून पीठ अधूनमधून ढवळावं लागतं. पीठ थंड, फ्रिजमधून काढलेल्या पाण्यात भिजवायचं. त्यामुळे दाटपणा स्थिर राहतो आणि वायू भांड्यातच उडून जात नाही.

तुऱ्याचा आकारही याच खात्यात येतो. एक तुरा कापून दोन केले, तर तेवढ्याच वजनाचा एकूण पृष्ठभाग साधारण सव्वापट होतो. आकर्षक दिसतात म्हणून बारीक तुरे काढणं म्हणजे पीठ आणि तेल दोन्हीला जास्त जागा देणं. चुरा झालेला फुलोरा वेगळा काढावा, तो पिठात पडू देऊ नये.

आणि ती पावडर

बहुतेक वेळा ती पावडर मिथाइलसेल्युलोज किंवा हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइलसेल्युलोज असते. अन्नपदार्थांत त्यांना परवानगी आहे, खाद्य-मिसळकांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले त्यांचे क्रमांक अनुक्रमे ४६१ आणि ४६४. त्यांचा गुण विलक्षण आहे. थंड पाण्यात विरघळतात आणि तापल्यावर जेल होतात. मिथाइलसेल्युलोज साधारण ५० ते ५५ अंशांच्या आसपास. तुरा तेलात पडताच, कवच शिजण्याआधीच, पिठात पापुद्रा धरतो. त्यामुळे आतलं पाणी जास्त प्रमाणात आत राहतं, वाफेनं पडणारी भोकं कमी होतात आणि बाहेरच्या तेलाला अडसर होतो. म्हणजे उपाय खरा आहे.

पण या स्वयंपाकघरात तो पहिल्याच दिवशी घातला असता, तर काय झालं असतं? ही पावडर थंड पीठ लक्षणीय दाट करते. पाणी न वाढवता घातली, तर तुऱ्याला आणखी जास्त पीठ चिकटतं. आधीच ४५० ग्रॅम चिकटत होतं. शिवाय ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे टक्केवारी सुंदर दिसते आणि ग्रॅमचा हिशोब कुणी करत नाही. काठोकाठ टोपलीतलं मंद तेल आणि पंख्याखालची परात तशीच राहिली असती.

म्हणून ती शेवटी आणली. कोरड्या पिठाच्या १ टक्क्यापासून सुरुवात करायची, २ च्या वर जायचं नाही, कारण त्यापुढे कवच वातड लागायला लागतं. पावडर थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. आधी कोरड्या पिठात नीट मिसळायची, मग थंड पाणी घालायचं, आणि पीठ फ्रिजमध्ये थोडा वेळ मुरू द्यायचं. पेल्याची चाचणी पुन्हा घेऊन आधीचाच वेळ येईपर्यंत पाणी वाढवायचं. त्यानंतर जो फरक दिसेल तो खरा पावडरीचा. आणि ती घातली असेल तर घटकांच्या यादीत लिहायला हवी. खाणाऱ्याचा तो हक्क आहे.

तेलात न तळता केवळ गरम हवेत शिजवण्याची सूचनाही आली होती. ओलं, सरसरीत पीठ गरम हवेत धरत नाही, ओघळून जाळीवर सांडतं. तो वेगळा पदार्थ होईल, या पदार्थाचा पर्याय नाही.

तेलाचं वय

इथे थोडक्यात सांगतो, कारण बाकीचं बहुतेकांना माहीत असतं. सतत तापलेल्या, ओलावा आणि पिठाचे कण झेललेल्या तेलात असे पदार्थ तयार होतात की तेल अन्नाला जास्त चिकटतं आणि दाटही होतं. १९९१ मध्ये ब्लुमेंथाल यांनी हे साबणासारख्या पृष्ठक्रियाशील पदार्थांच्या आधारानं समजावलं. दाट तेल म्हणजे अंगावर जाड थर, आणि तो थर पुढे काय करतो ते वर आलंच आहे. काळ्या तेलात रोज नवं तेल ओतत राहणं ही या स्वयंपाकघराची सवय होती. त्याऐवजी रोज काम संपल्यावर तेल थोडं निवलं की गाळायचं, तळाशी बसलेला चुरा काढायचा, पीठ लावलेले तुरे तेलात सोडण्याआधी जास्तीचं पीठ झटकायचं, आणि ध्रुवीय घटक, म्हणजे तेल बिघडत जाताना त्यात वाढणारे पदार्थ, मोजायच्या पट्टीनं तपासून तेल बदलायचं. अनेक देशांच्या नियमांत या घटकांची मर्यादा २४ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान आहे. फेस टिकून राहायला लागला, तर पट्टीची वाट पाहू नये.

क्रम आणि अपेक्षा

सगळे बदल एकाच दिवशी केले, तर कशानं काय झालं ते कळत नाही. या प्रकरणात क्रम असा ठेवला: आधी फक्त बाहेर काढण्याची पद्धत, मग टोपलीचा भार, मग तेल गाळणं, मग तुरे सुकवणं आणि पीठ, शेवटी पावडर. पहिल्या दोन गोष्टींना, गर्दीसाठीचा दुसरा फ्रायर सोडला तर, पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घट तिथेच आहे. अंगावरच्या साठेक ग्रॅममधले निम्मे जरी झटकण्यात आणि गरम जाळीवर गळून गेले, तरी १६५ चे १३५ होतात. पातळ कवचानं आणि कमी सोड्यानं तो आकडा आणखी खाली जातो. पावडरीशिवाय १२० च्या आसपास पोचणं मी वाजवी धरतो. पावडर घातल्यावर त्यातून पुढे काय मिळतं, ते त्याच मापानं, किलोमागे ग्रॅममध्ये, पाहायचं. मिळालं नाही, तर ती काढून टाकायची.

एक अडचण राहते. गर्दी वाढली की हात पुन्हा टोपली भरतात आणि तुरे पुन्हा परातीत जातात. त्यासाठी टोपलीच्या आतल्या बाजूला निम्म्यावर एक तार बांधली आणि खोल परात फ्रायरजवळून हलवून तिच्या जागी पसरट जाळी बसवली. आचाऱ्यांना रोज सांगण्यापेक्षा हे जास्त टिकतं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक नमुना काढायचा, आणि तो गर्दीच्या तासाचा घ्यायचा, सकाळच्या निवांत पहिल्या घाण्याचा नाही.